पोळपाटावरची चढाई

आई,

तुला लिहायला बसले आहे आणि तुझ्यावर चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्यावर चिडण्यात काही अर्थ उरलेला नाही, पण भांडायला घरात दुसरं कुणी नाही. नवरा बोटीवर आहे. फोनवर एवढंच म्हणाला की तिथे तू आहेस, तूच काय ते बघ. आणि माझी लेक, जी तू गेल्यावर जन्माला आली, ती सकाळीच बॅग खांद्याला लावून घाटकोपरला गेली. तिथल्या मैदानावर आज दुपारी तिच्या कॉलेजची कबड्डीची फायनल आहे. उजव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला होता. लिफ्ट बंद म्हणून जिन्याने उतरली, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, म्हाताऱ्या बाईसारखी. मी दारात उभी राहून बघत होते. खालच्या वळणावरून ती ओरडली, "आई, दार लाव ना, मांजर आत येईल." मी दार लावलं.

कॉलेज तेच, मुलुंडचं, तुझं. तुझं म्हणजे काय, तू सातवीच्या पुढे शिकली नव्हतीस, त्या कॉलेजच्या वर्गात तुझं पाऊल कधी पडलं नाही. पण औषधाच्या कंपनीत तू पॅकिंगला होतीस आणि कंपनीची मागची भिंत कॉलेजच्या मैदानाला लागून होती. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका सावली बघून पाय पसरायच्या आणि तू हातात डबा घेऊन, भिंतीपाशी रचलेल्या खोक्यांवर चढून मुलांचा सराव बघायचीस. आधी वेळ जावा म्हणून, मग वेड लागल्यासारखी. गावाला लहानपणी भावांबरोबर हुतुतू खेळली होतीस म्हणे, त्यामुळे त्यातलं तुला सगळं कळायचं, निदान तुला तसं वाटायचं. भांडुपच्या आपल्या चाळीत ते वेड तूच आणलंस. चाळीतल्या एकाही घरातलं पोर त्या कॉलेजात नव्हतं, आणि तरी नळावर "आपलं कॉलेज हरलं गं" असं बोलणं चालायचं. नवीन भाडेकरू ऐकून चक्रावायचे.

मॅचच्या आदल्या संध्याकाळी सगळी मंडळी आपल्या स्वयंपाकघरात जमायची. बाबा आपले गॅलरीत पेपर घेऊन बसायचे, त्यांना त्यात रस नव्हता. तू पोळपाट जमिनीवर ठेवायचीस, त्यावर पिठाने मधोमध रेघ ओढायचीस आणि सकाळपासून भिजत घातलेल्या काळ्या वाटाण्यांतले सात काढून रेघेच्या अलीकडे मांडायला लावायचीस. ते आपले गडी. पलीकडे लसणाच्या पाकळ्या, ते समोरचे. वाटाण्यांतला सगळ्यात टपोरा म्हणजे आपला हुकमी चढाईवाला. मग कोणी आधी जायचं, कोणत्या कोपऱ्यावर जायचं, कोणाला राखून ठेवायचं यावर भांडणं. आणि तुझा नियम असा की पोळपाटावरचे वाटाणेसुद्धा बाकीच्यांबरोबर कुकरमध्ये गेले पाहिजेत, म्हणजे वाद मिटेपर्यंत कुकर लागायचा नाही. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले की आपोआप एकमत व्हायचं. एकदा का गड्यांचं सांबारं होऊन ताटात पडलं की त्या विषयावर कुणी अक्षर काढायचं नाही. खाल्लं म्हणजे मिटलं.

तुझं खरं भांडण चाळीतल्याच बँकवाल्या काकांशी. ते इस्त्रीचा शर्ट घालून पाटावर बसायचे आणि समजावणीच्या सुरात म्हणायचे, "वहिनी, हुकमी गडी पहिल्याच चढाईला गमावून बसलात तर पुढे काय करणार? पहिल्या दोन चढाया रिकाम्या काढा. तिसरीपर्यंत समोरचे गडी जरा सैल पडतात. तेव्हा त्याला पाठवा." तू परातीत पीठ मळता मळता म्हणायचीस, "चांगलो गडी आदी धाडूचो. बाद झालो तर त्येका परत हाडूक बाकीचे सा जण आसत मां? ते काय वडे खावक इलेत?" सगळे हसायचे. काका पण हसायचे, पण मत बदलायचे नाहीत. दरवर्षी तेच भांडण, तेच शब्द. मला ते अजून पाठ आहेत.

वाटाणे मांडायचं काम माझं होतं. ते मला कसं मिळालं ते तू विसरली असशील, मी विसरले नाही. दहा-बारा वर्षांची असेन. चाळीच्या चौकात मुलांमध्ये घुसून मी चढाईला गेले. दोघांना हात लावला, परत वळले, तेवढ्यात तिसऱ्याने घोटा धरला आणि मी हनुवटीवर आपटले. तू पिठाच्या हातांनी धावत आलीस, पाठीत एक धपाटा घातलास आणि नळाखाली माझं तोंड धरलंस. रक्त थांबेना. तू म्हणालीस, "तू खेळाचा नाय. माका एकच चेडू आसा, तां मोडला तर मी काय करू?" मी रडत रडत विचारलं, एकुलती मुलगी मोडेल म्हणतेस, मग त्या कॉलेजच्या मुलांना कशाला पाठवतेस? तू पदर ओला करून हनुवटीवर दाबून धरलास. पुढच्या मॅचच्या आधी सगळ्यांसमोर वाटाण्यांची वाटी माझ्या हातात दिलीस आणि सांगितलंस की आजपासून हे मांडायचं काम हिचं. केवढा मान वाटला होता मला! मोठ्या माणसांच्या मधोमध बसायचं, सांगतील तसा वाटाणा सरकवायचा. अट एकच, मांडणारीने बोलायचं नाही. मी लग्नाला आले तरी मांडत होते आणि गप्प होते. मैदानाच्या बदल्यात तू मला वाटाणे दिलेस, हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं.

आणि वाकोल्याचा तो मुलगा. आमच्या वेळचा कॉलेजचा हुकमी चढाईवाला, काटकुळा, हसरा, कंपनीच्या भिंतीवरून तुझी ओळख झालेला, तुला मावशी म्हणायचा. फायनलच्या आधी त्याचा उजवा खांदा निखळून परत बसवलेला होता. बैठकीला तो गळ्यात झोळी अडकवून आला आणि कोपऱ्यात बसून राहिला. काका म्हणाले याला राखा, बाकीचे म्हणाले याला खेळवूच नका. तू पोळपाटावरून मान वर केलीस आणि म्हणालीस, "झिला, तुझे पाय धावतत मां? मग खांद्याचा काय घेवन बसलंस?" झालं. त्याने झोळी काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढाईला तो गेला, दोघांना बाद करून आला, आणि नंतरच्या एका चढाईत चौघे त्याच्या अंगावर पडले. कॉलेज जिंकलं. संध्याकाळी तो आपल्याकडे जेवायला आला तेव्हा त्याला घास तोंडापर्यंत नेता येईना. तू त्याच्या ताटात वडा कुस्करलास आणि भरवलंस. तोही हसत होता, तूही हसत होतीस. तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही.

ही गोष्ट मी माझ्या लेकीला किती वेळा सांगितली असेन याचा हिशेब नाही. तिला आजी नव्हती, फक्त गोष्टी होत्या. जेवत नसली की सांगायचे, ताप आला की सांगायचे. खांद्याबिंद्याचं पुढचं मी सांगत नसे. जिंकले, वडे खाल्ले, संपलं. तुझा तो मालवणी सूर काढून सांगायचे, ती खदाखदा हसायची आणि पुन्हा सांग म्हणायची. मग तिने त्याच कॉलेजात जायचा हट्ट धरला, आणि पहिल्याच वर्षी संघात आली. मी तुझी आठवण काढून रडले होते त्या दिवशी, आनंदाने. आता त्याचीही लाज वाटते.

आता तिथलं तुला ओळखू येणार नाही. तुझी कंपनी गेली. मैदानाच्या कडेने पत्रे ठोकलेत, आत खणायला सुरुवात झाली आहे, कॉलेजची नवी इमारत येणार. मुलांचा संघ केव्हाच बंद झाला. मुलींचा कसाबसा चालला होता, तोही या वर्षानंतर नाही असं कॉलेजने सांगून टाकलं आहे. म्हणजे आजची मॅच शेवटची. संघात हिला धरून सातच मुली उरल्या आहेत, त्यातल्या दोघी तर आकडा भरावा म्हणून दिवाळीनंतर आणलेल्या. समोरच्या संघाने यांना आधी एकदा धुऊन काढलंय. सेमीफायनलला आमची बया एकटीच्या जिवावर जिंकली आणि शेवटच्या चढाईत गुडघा मुरगळून घेतला. डॉक्टरांनी फोटो बघून स्पष्ट सांगितलं की आत्ता खेळलीस तर हा पाय आयुष्यभराचा जाईल, बसून राहिलीस तर निदान नीट चालशील. तिने ऐकून घेतलं, थँक यू म्हणाली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "बैठक आपल्याकडेच ठेवशील ना? शेवटची आहे."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी वाटाणे भिजत घातले.

चाळीच्या जागी इमारत झाली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जुने लोक विरारला, बदलापूरला पांगले, बरेचसे वारलेच. काल संध्याकाळी दोघे आले. बँकवाले काका, आता काठी टेकत, कानात मशीन, पण शर्टाला इस्त्री तशीच. आणि वाकोल्याचा तो, आता पोट सुटलेला, केस डाव्या हाताने विंचरतो, एका कुरिअरच्या ऑफिसात टेबलावर बसून असतो. लग्न टिकलं नाही त्याचं. दर वर्षी बैठकीला न चुकता येतो, लेकीला भाची म्हणतो. ती सोफ्यावर पाय लांब करून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसली होती. मी तुझाच पोळपाट काढला, पिठाची रेघ ओढली, वाटाणे मांडले. टपोरा वाटाणा शोधला, ठेवला. आणि दोघे भांडायला लागले.

"तिसऱ्या चढाईपर्यंत हिला हलवायचं नाही," काका म्हणाले. "पहिल्या दोन रिकाम्या. आणि हिने नुसता बोनस घ्यायचा, कोणाला हात लावायला जायचं नाही. मागची बोनसची रेघ ओलांडायची, परत फिरायचं."

"काका, काय बोलताय तुम्ही," वाकोल्याचा म्हणाला. "तोपर्यंत आपल्या दोन पोरी बाहेर बसल्या असतील. ती डाव्या कोपऱ्यातली बघितलीत ना, घोटा धरला की सोडत नाही. पहिल्याच चढाईला तिला उडवायची. नायतर वाट लागली समजा."

"आणि ही सापडली म्हणजे?"

"सापडली तर सापडली. घाबरून खेळायचंय का आता शेवटच्या दिवशी?"

मी वाटाणा पुढे सरकवत होते, मागे आणत होते. आई, त्या दोघांतल्या एकानेही असं म्हटलं नाही की हिला खेळवू नका. दोघेही तिच्यावर जीव टाकतात. पण पोळपाटावर गुडघा दिसत नाही. वाटाणा कुठेही जातो आणि परत येतो. हरणार आहोत हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं, मलाही, आणि तरी ते असे भांडत होते जणू उद्याचं सगळं या रेघेवर ठरणार आहे. मला इतकं हताश वाटायला लागलं की वाटत होतं पोळपाट उचलून खिडकीतून फेकून द्यावा. तेवढ्यात काकांनी तू बसायचीस त्या बाजूला नजर टाकली, तिथे आता फ्रिज आहे, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग. तुझी आई असती तर काय म्हणाली असती?"

इतक्या वर्षांत मांडणारीला पहिल्यांदा कुणी विचारलं. मी म्हणाले, "आई म्हणाली असती, पोरीला बसवा. मॅच गेली खड्ड्यात."

सोफ्यावरून हसण्याचा आवाज आला.

"आई, कायपण फेकू नको हां," लेक म्हणाली. "आजी असं म्हणालीच नसती. मामांना काय म्हणाली होती ते तूच तर सांगितलंयस." आणि तिने तुझं ते वाक्य म्हटलं. झिला, तुझे पाय धावतत मां? तुझ्याच सुरात, शेवटचा शब्द तसाच वर उचलून. तिने तुला कधी ऐकलेलं नाही. माझ्या तोंडून शिकली.

त्या वाकोल्यावाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "सेम टू सेम मावशी," तो म्हणाला.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आणि तुझ्या खांद्याचं काय झालं तेही सांग तिला."

"खांद्याचं काय एवढं ताई," तो म्हणाला. "मावशीने काय मला ढकललं नव्हतं, मी माझ्या मनाने गेलो. ऑफिसात आजपण पोरांना त्या दिवसाची गोष्ट सांगतो मी. तो दिवस नसता ना, तर सांगायला होतं काय माझ्याकडे?"

तो हे अभिमानाने बोलला. माझ्या लेकीने मान हलवली, जशी काही तिला हवी होती तीच पावती मिळाली. आणि मला दिसलं की पुढे पन्नाशीत तीही कुणाच्या तरी घरी अशीच पाय लांब करून बसली असेल आणि आजच्या मॅचची गोष्ट सांगत असेल, आणि ऐकणाऱ्याला ती शंभरदा ऐकून कंटाळा आला असेल.

"बोनस नको, आजोबा," ती काकांना म्हणाली. "बोनसला पाय टाकला की सगळं अंग एका पायावर येतं. तेवढं नाही झेपणार. त्यापेक्षा पहिलीच चढाई मी जाते. त्या कोपऱ्यातलीला हात लावायचा आणि फुटायचं."

"आणि परत नाही आलीस तर?" मी विचारलं.

"तर बाकीच्या सहाजणी आहेत ना. त्या आणतील मला परत. आजीच म्हणायची."

त्या सहाजणींना मी ओळखते. त्या कुणालाही परत आणणार नाहीत. काकांनी हात वर केले, म्हणाले, "वहिनींपुढे मी कधी जिंकलो नाही, आता काय जिंकणार." वाद मिटला. मी वाटाणे गोळा केले, कुकर लावला.

आता राग कशाचा ते सांगते. माझ्या हनुवटीवर अजून व्रण आहे. लेकीने लहानपणी विचारलं होतं, तेव्हा जिन्यावरून पडले असं सांगितलं. चौकातली ती चढाई, तो धपाटा, माका एकच चेडू आसा, यातलं काहीही मी तिला सांगितलेलं नाही. तुझ्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, ही एक सोडून. मला त्या गोष्टीचा इतका राग होता की ती मी कुणालाच दिली नाही. दुसऱ्यांच्या मुलांना तू मैदानात धाडलंस आणि स्वतःच्या मुलीला पोळपाटापाशी बसवलंस. काल तीच गोष्ट हवी होती. ती ऐकून लेक बसली असती की नाही, मला माहीत नाही. कदाचित बसली असती. निदान तिला कळलं असतं की आजी घाबरायचीसुद्धा.

गोष्ट माझ्या जिभेवर होती, आई. तोंड उघडलं होतं मी. मग तिच्याकडे बघितलं. बर्फाची पिशवी बाजूला ठेवून ती पुढे झुकली होती आणि टपोऱ्या वाटाण्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. ती मनातल्या मनात चढाईचा दम घेऊन बघत होती. मी तोंड मिटलं.

ती चढाईला जाते तेव्हा कबड्डी कबड्डी मी म्हणत असते, खुर्चीत बसून, ओठांच्या आत. माझा श्वास कोंडतो, माझे पाय आखडतात. ती रेघ ओलांडून परत येते तेव्हा मी परत आलेली असते. हे मी कुणाला बोललेले नाही. काल मला आठवलं की उद्यानंतर हे कधीच नाही, आणि मला अजून एकदा हवं होतं. तिचा पाय माहीत असून हवं होतं. तुझं नाव पुढे केलं, तुझ्यावर चिडले, सगळं खरं, पण गप्प बसले ती यासाठी.

आणि आता बघायला जायची हिंमत नाही. बसले आहे इथे, कुठेही न जाणारे कागद भरत. वाकोल्याचा मैदानावर आहे, पहिली चढाई झाली की फोन करतो म्हणालाय.

काल सांबारं सगळं संपलं, काकांनी दोनदा मागून घेतलं. पण टपोरा वाटाणा मी कुकरमध्ये टाकला नाही. मांडून मांडून हात सरावलेले आहेत, कुणाच्या लक्षात आलं नाही. तो पोळपाटावर आहे, माझ्यासमोर, रेघेच्या अलीकडे. सालीला सुरकुत्या पडल्या आहेत. तो कुणी खाल्लेला नाही, म्हणजे तुझ्या नियमाने वाद अजून मिटलेला नाही, मला अजून बोलता येईल. ती तर मैदानात उतरलीसुद्धा असेल.

फोन वाजतोय, आई. मी उचलत नाहीये.